एरंडेलाचा तिसरा उपयोग

एरंडेलाचे दोन उपयोग आमच्या घराण्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. पोरांचं पोट साफ करणे हा एक आणि पोरांना धाक घालणे हा दुसरा. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलं की एखाद्या सकाळी आजी वाटी-चमचा घेऊन ओसरीवर उभी राहायची. एरवी हाका मारमारून न उठणारी आम्ही भावंडं तोवर गोठ्यामागे, माळ्यावर, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात पांगलेली असायची. तिसरा उपयोग मला चाळिशी उलटल्यावर कळला. एरंडेलावर विमान उडतं.

विमान म्हणजे अर्थात छोटं. बाल्सा लाकडाचं, दोन-अडीच फुटांच्या पंखांचं. त्याच्या नाकावरचं इंजिन लिंबाएवढं. त्याला पाजायचं मिश्रण असं: एक भाग एरंडेल, एक भाग रॉकेल, एक भाग ईथर. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही, वायर नाही. दट्ट्या वर येताना मिश्रण दाबतो, दाबामुळे ते तापतं, आणि साधारण १६० ते १८० अंशांच्या आसपास ईथर आपण होऊन पेट घेतो. पेटवण्याचं काम ईथरचं, जोर लावण्याचं रॉकेलचं. एरंडेल बिचारं पेटण्याच्या भानगडीत फारसं पडत नाही. ते दट्ट्याला वंगण देतं आणि जसंच्या तसं धुराड्यातून बाहेर येऊन तुमच्या शर्टावर, भिंतीवर आणि वाळत घातलेल्या पापडांवर बसतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत वंगण म्हणून हेच एरंडेल असे. त्याचे तुषार वैमानिकांच्या तोंडावर उडत, पोटात जात, आणि मग व्हायचं ते होई, असं सांगतात. आजीची दूरदृष्टी मोठी. तिने आम्हाला लहानपणीच सरावात ठेवलं होतं, विमान तेवढं मिळालं नाही.

मी अथालला राहतो. सिल्वासाहून नरोलीकडे निघालं की दमणगंगेचा पूल लागतो, तिथलं हे गाव. मराठी माणसाला दादरा-नगर हवेली आठवते ती १९५४ च्या मुक्तिलढ्यामुळे. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते, हे कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकातून आपल्याला कळलेलं असतं. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त जवळची वाटते. १७७२ मध्ये मराठा आरमाराने पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाची वाट लावली. पुढे १७७९ च्या तहानंतर त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी इथल्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना तोडून दिला. एका मोडक्या जहाजापायी बहात्तर गावं गेली. अशा मुलखात मोडकी इंजिनं गोळा करत बसलेल्या माणसाला उपरं वाटायचं काहीच कारण नाही.

पोटापाण्यासाठी मी प्लास्टिकचे साचे करणाऱ्या कंपनीत टूलरूम सांभाळतो. करसवलतींच्या काळात इथे कारखाने आले, त्यांच्यामागून लेथ आले, लेथमागून टर्नर आले आणि टर्नरांमागून आमच्यासारखे. दिवसभर आम्ही बाटल्यांची झाकणं नीट बसावीत म्हणून मायक्रॉनशी भांडतो. संध्याकाळी मशीन मोकळं असतं, मालक समजूतदार आहेत, आणि पोलादाचे तुकडे भंगारात जायचेच असतात. असलं व्यसन जडायला आणखी काय लागतं?

पहिलं इंजिन पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. रविवार होता. शिवणयंत्राचे पाय, स्टोव्हचे बर्नर आणि रेडिओची बटणं यांच्या ढिगात ते पडलेलं होतं. काळंठिक्कर, पंख्याविना. विक्रेत्याने आधी ते फवारणीच्या पंपाचं आहे असं सांगितलं. माझा चेहरा पाहून मग ते डॉक्टरी मशीनचं झालं आणि किंमत वाढली. मी खाली ठेवलं. तो म्हणाला, "बरं साहेब, वजनावर घ्या." ऐंशी ग्रॅमसुद्धा भरलं नाही. वजनाचा प्रस्ताव त्याने ताबडतोब मागे घेतला.

घरी आणून पाहतो तर दट्ट्या हलेना. जुनं एरंडेल वर्षानुवर्षं आत राहिलं की त्याचा रोगण होतो, आणि तो रोगण फेविकॉललाही लाजवील असा असतो. परदेशातले शौकीन अशी इंजिनं गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. मीही शिजवलं. दुधाच्या जुन्या पातेल्यात, मागच्या अंगणात, शेगडीवर. (कूलंट विषारी असतं. ते पातेलं त्यानंतर घरात आलं नाही. ते का आलं नाही याची चर्चा मात्र घरात पुष्कळ झाली.) दुपारपर्यंत काळा थर सुटून पाण्यासारखा वाहिला आणि आतून ओतीव अॅल्युमिनियम पांढरं निघालं. आईने दारातूनच नाक वर केलं आणि म्हणाली, "कुणाला दिलंस रे एरंडेल?"

साफ झाल्यावर कळलं की हे मिल्स आहे. मिल्स बंधूंची ही कंपनी इंग्लंडमध्ये वोकिंगला होती. १९४६ मध्ये त्यांनी १.३ सीसीचं इंजिन बाजारात आणलं आणि पाठोपाठ पाऊण सीसीचं धाकटं भावंड काढलं. युद्ध नुकतंच संपलं होतं, विमानांची भुरळ पोराटोरांवर होती, आणि मिल्स पहिल्या दोन-चार झटक्यांत सुरू होतं अशी त्याची ख्याती होती. इंग्लंडात ते बनायचं थांबलं, पण मिल्स काही थांबलं नाही. आपल्याकडे कलकत्त्यात 'अरोरा' या नावाने त्याची हुबेहूब नक्कल बनत राहिली. हिंदुस्थानात ज्यांनी कुणी शाळा-कॉलेजात विमानाचं मॉडेल उडवलं, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बोटांना अशाच एखाद्या मिल्सच्या पंख्याने प्रसाद दिलेला आहे. एनसीसीची हवाई शाखा १९५० मध्ये निघाली. तिथे एअरोमॉडेलिंग शिकवतात, त्याच्या स्पर्धाही होतात. साठीच्या पुढचे काही गृहस्थ उजव्या हाताची तर्जनी पुढे करून अजून अभिमानाने एक पांढरा व्रण दाखवतात.

आता माझ्या या मिल्सकडे जवळून पाहा. इंधन कमी-जास्त करणारी सुई मुळातली नाही. सायकलच्या स्पोकला टोक काढून कुणीतरी ती बनवली आहे. स्पोकच्या टोकाचे आटे होते, तेच कामाला लावलेत. वर दाब कमी-जास्त करण्याचा जो स्क्रू असतो, त्याची आडवी दांडी म्हणजे वाकवलेला खिळा. मागच्या झाकणाचे इंग्रजी बीए आटे केव्हाच झिजले असणार. त्यात सरळ एम-थ्रीचा टॅप मारला आहे, तोही किंचित तिरका, कारण मारणाऱ्याचा हात लहान असावा. इंधनाची टाकी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीची. आणि इंजिनाच्या पोटावर कंपासपेटीतल्या कर्कटकाने कोरलेली अक्षरं: व. द. क. पुढे एक बाण, त्याच्या टोकाशी 'पुढे'. पंखा कुठल्या दिशेने फिरवायचा ते विसरू नये म्हणून.

हे इंजिन मी आमच्या पुणेकर स्नेह्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात इंजिनं नांदतात. प्रत्येकापुढे चिठ्ठी, चिठ्ठीवर साल, सालापुढे सही. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अरेरे."

"काय झालं?"

"यात मिल्स कुठे आहे?"

त्यांच्या जगात किंमत आहे ती डबाबंद इंजिनाला. खोका तोच, आतला मेणकागद तोच, माहितीपत्रकाची घडीसुद्धा न उलगडलेली. दट्ट्याला एकदाही आग लागलेली नाही. असं मिल्स कुणी दिलं तर ते त्याला उठून नमस्कार करतील. मी परतीच्या गाडीत यावर बराच विचार केला. खोक्यात कोरं राहिलेलं इंजिन म्हणजे काय? कुणीतरी ते विकत घेतलं आणि ते मुलाच्या हाती पडलंच नाही. वडिलांनी परीक्षेनंतर म्हणून कपाटात ठेवलं असेल, परीक्षा संपल्याच नसतील. किंवा पोरगा इतका आज्ञाधारक निघाला असेल की वडील गेल्यावरही त्याने खोका उघडला नाही. ज्या पोराने ते उघडलं, सुरू केलं, गच्चीच्या कठड्यावर आपटलं, आटे बिघडवले आणि सायकलची एक स्पोक बापाच्या नकळत काढून ते पुन्हा चालतं केलं, त्याच्या इंजिनाला जुन्या बाजारातला माणूस वजनाचा भाव लावतो. या शौकातला पैशाचा हिशेब असा उफराटा आहे. जेवढा खेळ जास्त झाला, तेवढी किंमत कमी.

आणि आपल्याकडे तर कोरं राहण्याची सोयच नव्हती. सुटा भाग मिळायचा नाही, मागवायचा तर जकात आणि परवाने. बीएचा टॅप आजही वापीत मागितला तर दुकानदार आधी बीए कुठल्या विषयात असं विचारील. म्हणून इथलं प्रत्येक जुनं इंजिन थोडं वोकिंगचं किंवा कलकत्त्याचं, थोडं गल्लीतल्या सायकलवाल्याचं आणि थोडं मधल्या सुट्टीतलं असतं. परदेशी शौकीन हौसेने इंजिनांत फेरफार करतात, आपल्याकडे ते केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. हौस म्हणून फेरफार करण्याची ऐपत आमच्या पिढीला आली, आणि मी ती पुरेपूर वापरतो आहे.

माझी मोठी कामगिरी म्हणजे कॉक्सचं धर्मांतर. कॉक्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी. पन्नाशीच्या दशकापासून तिने पाऊण-एक सीसीच्या आतली इंजिनं लाखांनी बनवली. त्यातलं बेब बी हे नावाप्रमाणे गुणगुणणारं ०.०४९ घनइंचाचं, म्हणजे साधारण ०.८ सीसीचं. लहान पंख्यावर मिनिटाला चौदा-पंधरा हजार फेरे सहज मारतं. ही ग्लो इंजिनं. डोक्यात प्लॅटिनमच्या तारेची इवली गुंडाळी असते. दीड व्होल्टच्या सेलने ती एकदा लाल केली की मग सेल काढून घ्यायचा. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून तार आपोआप तापलेली राहते. तापलेली प्लॅटिनमची तार अल्कोहोलच्या वाफेत लाल राहते हे हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्ये पाहून ठेवलं होतं. ती तार छोट्या इंजिनात बसवून बाजारात आणायला १९४७ साल आणि रे आर्डेन नावाचा अमेरिकन लागला. मधली एकशे तीस वर्षं प्लॅटिनम दागिन्यांत अडकलं असावं.

माझ्या बेब बीची तार तुटलेली. कॉक्समध्ये तार आणि डोकं एकजीव असतं, म्हणजे तार गेली की डोकं गेलं. त्यात मिथेनॉल विष म्हणून सांभाळून विकतात, आणि इंधनात मिसळायच्या नायट्रोमिथेनचा भाव ऐकून खाली बसावं लागतं. तेव्हा ठरवलं, याला एरंडेल-रॉकेल-ईथरच्या पंगतीत बसवायचं. अमेरिकेत यासाठी तयार डोकी मिळायची. त्यातली युक्ती साधी आहे. ज्वलनकक्षाच्या माथ्यावर टेफ्लॉनची पातळ चकती, तिच्यावर सरकणारं धातूचं बटण, आणि बटणाला वरून दाबणारा स्क्रू. स्क्रू पिळला की दाब वाढतो, सैल केला की कमी होतो.

टेफ्लॉनला सिल्वासात तोटा नाही. अडलं ते आट्यांपाशी. कॉक्सच्या डोक्याचे आटे इंची, बारीक आणि अमेरिकन. डाय मिळणं शक्य नव्हतं, म्हणून लेथवर एकेरी टूलने कापायचे ठरले. आमचा टर्नर तलासरीचा. त्याने गिअर बदलले, टूलला ग्राइंडरवर असं टोक काढलं की सुईने हेवा करावा, आणि डोळ्याला भिंग न लावता बोटाने आटे चाचपत बसला. प्रत्येक फेरीला अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मी मध्ये मध्ये सूचना करत होतो. तो "हो साहेब" म्हणायचा आणि आपल्याच मताने पुढे जायचा. शेवटी सिलिंडर हातात घेऊन डोकं फिरवलं. पहिल्या आट्यालाच ते रेशमासारखं आत गेलं आणि तळाशी जाऊन टच्‌ करून थांबलं. तो म्हणाला, "साहेब, हे कुठल्या बाटलीचं झाकण?"

सुरू करण्याचं शास्त्र वेगळं. इंजिन लाकडी ठोकळ्यावर आवळायचं. हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवायचा, म्हणजे इंधन नळीतून चढतं. मग पंख्याला चापट. काहीच होत नाही. दाबाचा स्क्रू पाव फेरी आत, पुन्हा चापट. 'फट्‌' होतं आणि पंखा उलटा येऊन नखावर बसतो. आणखी थोडा दाब. आता जास्त दाबायचं नाही, कारण आत द्रवच भरलेला असतो. द्रव दबत नाही, दांडा वाकतो. या घटकेला माणसाचा स्वभाव उघडा पडतो. उतावळा स्क्रू पिळतो, भित्रा सुई उघडतो, आणि विद्वान दोन्ही एकदम करतो. गप्प बसून एका वेळी एकच गोष्ट पाव फेरी बदलणाऱ्याचं इंजिन सुरू होतं. मला हे आमच्या टर्नरकडे पाहून समजलं. त्याने ठोकळा आपल्याकडे ओढला, दाब कमी केला, दोन चापट्या मारल्या आणि कॉक्सने असा सूर धरला की पलीकडच्या चाळीतली पोरं धावत आली. धूर निळा, वास दवाखान्याचा आणि आजोळचा एकत्र. आईने खिडकी लावून घेतली.

इंजिन सुरू झालं की ते उडवावंसं वाटणारच. उडवायला माळ पाहिजे. आमच्या भागातला चांगला माळ भिलाडच्या बाजूला, म्हणजे गुजरातेत. आणि गुजरातेत दारूबंदी. दादरा-नगर हवेलीत ती नाही. तेव्हा इकडून तिकडे जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत बाटली दिसली की सीमेवरच्या पोलिसाची दृष्टी जिथे जायची तिथेच जाते. एकदा एका चौकीवर मला थांबवलं. पिशवीत पत्र्याचा डबा, हलवला की खळखळणारा.

"आ शुं छे?"

"इंधन. विमानाचं."

त्याने माझ्या स्कूटरकडे पाहिलं. मग विमानाकडे पाहिलं. ते मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं होतं. मग डब्याचं झाकण काढून नाक जवळ नेलं. ईथर हा १८४० च्या दशकापासून बरीच वर्षं माणसांना भूल देणारा पदार्थ. त्याला रॉकेलची जोड आणि वर एरंडेल. हवालदाराने मान मागे घेतली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावून दिलं. मराठीत म्हणाला, "हे कुणी पिणार नाही." मग जरा थांबून, "पण पुन्हा इथे उघडू नका." परत येताना त्याने हात केला. उडालं का, असं विचारायला.

उडालं होतं. आठ-दहा मीटरच्या दोन पोलादी तारा, हातात मूठ, आणि मधोमध मी. तारांनी बांधलेलं विमान गोल फिरतं आणि उडवणाऱ्यालाही त्याच्यासोबत फिरावं लागतं. चार सेकंदांत एक फेरी, टाकी दोन मिनिटांची. म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या, साखर थोडी वर असलेल्या गृहस्थाने एका दमात तीस गिरक्या घ्यायच्या. इंजिन बंद पडलं, विमान गवतावर अलगद टेकलं, मी मात्र फिरतच होतो. गुरं राखणारा एक मुलगा शांतपणे पाहत होता. त्याच्या काकाने लग्नात ड्रोन आणला होता, असं त्याने सांगितलं. तो उभ्या जागी उडतो, फोटो काढतो आणि काकाला चक्कर येत नाही. मी टाकी पुन्हा भरली, इंजिन सुरू केलं आणि त्याला मूठ धरायला दिली. तो हसत हसत तिसऱ्या फेरीला बसला, पण मूठ सोडली नाही. त्याच सुमारास वरून दमणच्या तटरक्षक दलाचं डॉर्नियर गेलं. मुलाने वर पाहिलंसुद्धा नाही.

व. द. क. यांचं मिल्सही मी चालू केलं आहे. स्पोकची सुई बदलली नाही. बदलायला घेतली होती, लेथवर नवी सुबक पितळी सुई केलीही. ती बसवल्यावर इंजिन अडखळायला लागलं. जुनी घातली, सुरळीत. त्या पोराने किती स्पोका घासून फुकट घालवल्या असतील आणि मग ही जमली असेल, कोण जाणे. तिरका टॅपही तसाच आहे. टर्नरने तो पाहून मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "पहिलाच असंल."

परवा पुणेकर स्नेही अथालला येऊन गेले. त्यांचं वय झालंय, मुलं परदेशात, कपाटाचं काय करायचं हा प्रश्न आहे. माझ्या बाकावरचा पसारा त्यांनी पाहिला, कॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू पाहिला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून एक छोटा खोका काढला. मिल्स, पाऊण सीसी. मेणकागद तोच, माहितीपत्रकाची घडी न मोडलेली. "हे तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. "एकच अट. सुरू करायचं नाही."

मी शब्द दिला आहे आणि तो पाळणार आहे. खोका टूलरूमच्या कपाटात आहे, टर्नर रोज विचारतो. सुरू करायचं नाही हे त्याला मी नीट समजावून सांगितलं. उघडून पाहायचं नाही, सुईची मापं घ्यायची नाहीत किंवा दट्ट्यावर मायक्रोमीटर लावायचा नाही, असं मात्र आमचे स्नेही काही म्हणालेले नाहीत.